रणवीरांच्या लोखंडी हाताचा तंटा

॥ आकाशस्थ सर्व ग्रह उभय कुटुंबांस अनुकूल असोत ॥

सौभाग्यवती नीलाबाई आठल्ये व सौभाग्यवती सोयराबाई लाड, मुक्काम मल्लेश्वरम, शहर बेंगळूर, यांचा हुकूम जाहला की, आमचे यजमानांमध्ये लोखंडी हातावरून जो कलह माजला तो कैसा उपजला, कैसा वाढला, आणि देवनहळ्ळीचे मैदानी त्याचा निकाल कैसा लागला, हे मुळापासून लिहून काढावे. लोक भलतेच सांगत फिरतात, त्याचा बंदोबस्त व्हावा. हुकूम शिरसावंद्य करून ही हकीकत लिहिली असे. यात पदरचे काही घातले नाही, आणि जे घातले ते उभय बाईसाहेबांनी वाचून कायम केले.

दामोदरपंत आठल्ये हे मूळचे सातारा प्रांतीचे. ऐन तारुण्यात सरकारी संशोधनखात्यात रडाराचे कामावर रुजू होऊन बेंगळुरास आले, आणि निवृत्त होईपावेतो तेथेच राहिले. पुरुष बुद्धिमान, हिशेबी, आणि आपले म्हणणे खरे ठरल्यावाचून जेवणास न बसणारा. खंडोजीराव लाड यांचे पूर्वज शहाजी महाराजांचे फौजेबरोबर या मुलखात उतरले ते माघारी गेलेच नाहीत. घरात मराठी, दारात कन्नड, आणि रागात दोन्ही, ऐसी त्या घराण्याची रीत. पीण्या औद्योगिक क्षेत्री खंडोजीरावांचा लेथ यंत्रांचा कारखाना. स्वभाव दिलदार, आवाज मोठा, आणि हट्ट दामोदरपंतांचे तोडीस तोड.

उभयतांची दोस्ती कैसी जडली, ते ऐकावे. दामोदरपंत नवे आले असता खात्याचा एक सुटा भाग घडवून घेण्यास पीण्यास गेले, आणि तेथे मोडक्या कन्नडात मापे सांगू लागले. खंडोजीरावांनी क्षणभर ऐकून घेतले आणि हसून बोलिले, "अण्णा, तुम्ही मराठी की हो! मग उगीच कन्नडला कशाला त्रास देताय? आदितवारी घरी या जेवायला. आमच्यात टीव्ही पण आहे." दामोदरपंतांची खोली एक, त्यात टीव्ही नाही, आणि जेवण खाणावळीचे. मग ते आदितवारी गेले. आणि दैवगती ऐसी की त्याच सकाळी दूरदर्शनवर 'नभोदुर्ग' या मालिकेचा पहिला भाग लागला.

आता नभोदुर्ग म्हणजे काय, हे न जाणणाऱ्यांसाठी लिहितो. शनीचे कड्यापाशी अधांतरी तरंगणारा एक किल्ला. त्याचे सरनौबत रणवीर, दुर्गाचे राजवैद्य पद्मावती, आणि मंगळाहून आलेले नाना प्रकारचे गनीम. ही मालिका हिंदीत चालली, मग बंद पडली, मग 'नवा नभोदुर्ग' म्हणोन पुन्हा उभी राहिली, मग रणवीरांचे तारुण्याची 'नभोदुर्ग पूर्वरंग' ऐसी तिसरी निघाली. नट म्हातारे झाले, काही बदलले, टीव्हीचे खोके जाऊन भिंतीस टांगावयाची पाटी आली, तरी दुर्ग काही पडला नाही. ऐसा दीर्घकाळ चाललेला कारभार म्हटला म्हणजे त्यात घोळ होणारच. राजवैद्य पद्मावती पहिल्या मालिकेत मंगळाचे तापाने मृत्यू पावल्या. दुसरीत जिवंत होऊन लग्न करित्या झाल्या. आणि त्याविषयी कोणी अवाक्षर काढिले नाही. मंगळाचा वकील आधी हिरवा होता तो मग निळा जाहला. दुर्ग शनीपाशी निजला तो गुरूपाशी जागा झाला.

परंतु या घोळांतच उभय मित्रांचा खरा आनंद होता. मालिका संपली की सोयराबाई भात वाढीत, आणि हे दोघे हात वाळेपर्यंत बसून एकेक विसंगती जुळवीत. वकील हिरव्याचा निळा कां झाला? तर दामोदरपंत म्हणत, मंगळावरील लोक ऋतूप्रमाणे रंग पालटत असतील. आणि खंडोजीराव म्हणत, पहिला वकील बदली होऊन गेला, दुसरा आला, आमच्या वीजखात्यात नाही का होत? पद्मावती मेल्या कैशा आणि उठल्या कैशा, यावर तर त्यांनी अख्खा पावसाळा काढिला. लग्ने झाली, मुले झाली, केस गेले, तरी आदितवारचा दरबार मोडला नाही. नीलाबाई या शहरी नव्या सून होऊन आल्या, त्यांस भाषा येईना, बाजार कळेना. सोयराबाईंनी त्यांस बोट धरून सर्व दाखविले. कन्या वल्लरी जन्मली तेसमयी दामोदरपंत दूर चाचणीच्या कामगिरीवर होते, आणि रिक्षात घालून इस्पितळात नेणाऱ्या, आणि पहाटे बाळ पहिल्याने मांडीवर घेणाऱ्या त्या सोयराबाईच. नीलाबाई त्यांस अक्का म्हणत, ते काही तोंडदेखले नव्हे.

ऐसे सुरळीत चालले असता मागील वर्षी विघ्न उद्भवले. नभोदुर्गाचे तमाम जुने भाग कोणा कंपनीने मोबाइलावर खुले केले. आजवर जे तर्क चालत ते आठवणीवर चालत, आणि आठवण ही मोठी मायाळू. ती विसंगतीवर आपसूक पांघरूण घालिते. आता मात्र चित्र थांबवून, मागे नेऊन, बोटांनी मोठे करून पाहता येऊ लागले. खंडोजीरावांचे दिवाणखान्यात मोठ्या पडद्यावर पहिल्या मालिकेचा शेवट आणि दुसरीचा आरंभ लागोपाठ लागला. पहिलीत सरनौबत रणवीर सहकाऱ्यांस आत घेण्यासाठी वायुद्वार हाताने धरून ठेवितात, हात गमावितात, आणि मग दुर्गाचे भट्टीत स्वतः लोखंडी हात घडवून चढवितात. तो हात डावा. पुढील भागी तेच रणवीर सज्ज्यावर उभे. लोखंडी हात उजवा.

पडदा थांबविला गेला. मग दामोदरपंतांनी चष्मा पुसला आणि आपला सिद्धांत मांडिला की, मधल्या काळात रणवीर कृष्णविवरातून गेले असले पाहिजेत, आणि तेथे अवकाशाला पीळ पडून माणसाचे डावे ते उजवे होते, आरशातल्याप्रमाणे. खंडोजीरावांनी मान हलविली आणि निराळाच सिद्धांत काढिला की, हा रणवीरच नव्हे; हा त्याचा जुळा भाऊ, ज्याचा उजवा हात गेला. खरा रणवीर डाव्या हाताचा, आणि तो कोठेतरी अजून आहे.

"खंडोजी, भाऊ कुठून आणलात? तो स्वतः म्हणतो की मी एकुलता एक!" दामोदरपंत.

"आईबापांनी सांगितलं नसेल. आणि अण्णा, तुमच्या त्या विवरातून गेला तर त्याच्याबरोबरचे नटबोल्टही उलट्या आट्यांचे व्हायला पाहिजेत की नाही? ते बघा, हातावरचा बोल्ट तो डावीकडे फिरवून काढतोय. आटे सुलटे आहेत. हे मी झोपेत पण ओळखेन."

"बोल्ट त्याने नंतर बदलला असेल!"

"हात नाही बदलला, बोल्ट बदलला. सरी, सरी."

ते कन्नड "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, दामोदरपंतांचे वर्मी लागले. मग तोल सुटून ते ऐसे बोलिले की, लेथवर आटे पाडणाराने अवकाशाच्या भूमितीत पडू नये. खंडोजीराव यावर उभे राहिले आणि म्हणाले की, तुमच्या खात्याच्या रडाराला तरी कधी डावंउजवं कळलं होतं का, सगळा जन्म सरकारी खुर्ची उबवण्यात गेला. दोन्ही शब्द ऐसे की जे परत घेता येत नाहीत. सोयराबाई कॉफी घेऊन बाहेर आल्या तों दामोदरपंत चपला घालून जिन्यात होते.

तेव्हापासून आदितवारचा दरबार बंद. एकाच गल्लीत राहून दोघे एकमेकांस पाहून रस्ता ओलांडीत. एकदा तर दोघांनी एकाच वेळी ओलांडला आणि पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा दोघांनीही औषधाचे दुकानात शिरून नको असलेले मलम घेतले. बाईसाहेबांनी मात्र तह मोडिला नाही. भाजीबाजारात भेटावे, डबा पालटावा, आणि आपापल्या गनिमाची खबर द्यावी, ऐसा त्यांचा गुप्त कारभार चालला. सोयराबाई सांगत की, हे आदितवारी पडदा लावतात आणि पाहतच नाहीत. नीलाबाई सांगत की, आमचे तर लावतही नाहीत.

आणि मग त्याहून मोठे संकट आले. दामोदरपंतांचे चिरंजीव अमित पुण्यास नोकरीस. तो कैक वर्षे आईबापांस पुण्यास बोलावीत होता, आणि दामोदरपंत कैक वर्षे म्हणत होते की, बेंगळूर सोडून मी येत नाही. आता एका सकाळी त्यांनी फोन उचलून सांगितले की, घर पाहा, आम्ही येतो. या शहरात आता आपलं राहिलं आहे कोण? सामानाचा ट्रक ठरला. खोकी आणली गेली. नीलाबाई भांडी वर्तमानपत्रात गुंडाळीत होत्या, आणि एक पितळी डबा गुंडाळता गुंडाळता थांबून बोलल्या, "मला कोणी विचारलंत का हो?" तो डबा सोयराबाईंचा होता.

हे वल्लरीने पाहिले. वल्लरी ही संगणकाचे कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, धूर्त, आणि दोन्ही घरांत वाढलेली. खंडोजीरावांस ती लहानपणापासून काका म्हणे. तिने खबर आणिली की, नभोदुर्गाचे मूळ कर्ते, लेखक बिंदुमाधव, हे देवनहळ्ळीस येणार. विमानतळाजवळचे एका सभागृही चाहत्यांचा मेळा भरणार. आणि तेथे कोणीही उठून त्यांस प्रश्न विचारावा. ज्याने हात लिहिला त्याचाच निवाडा! तिने ही खबर बापास सांगितली, आणि काकांसही सांगितली, आणि दोघांस निरनिराळे सांगितले की दुसरे पक्षाचे कोणी येणार नाही. सोयराबाईंनी आपले बाजूने मदत केली ती ऐसी की, खंडोजीरावांचे मोटारीची किल्ली तूरडाळीचे डब्यात लोटून दिली.

आदितवारी सकाळी मोहीम निघाली. दामोदरपंत वल्लरीचे गाडीत पुढे बसले. कोपऱ्यावर गाडी थांबली, मागले दार उघडले, आणि खंडोजीराव आत येऊन बसले. दोघांचे ध्यानी एकदमच आले.

"वल्लरी, हे काय आहे?"

"बाबा, प्लीज, ड्रामा नको. काकांची किल्ली हरवलीये. एकच गाडी आहे, एकच रस्ता आहे. सीटबेल्ट लावा."

मग दोन शत्रू एका अंबारीत, ऐसा अपूर्व प्रवास सुरू झाला. दामोदरपंत काच खाली करीत तों मागून फर्मान येई, "बाळ, त्यांना सांग, धूर आत येतोय." दामोदरपंत काच वर करीत आणि म्हणत, "वल्लरी, त्यांना सांग की काच माझ्या बाजूची आहे." मेखरी सर्कल पार झाले. हेब्बाळचा पूल आला, जेथे भलेभले सरदार पहिल्या गिअरात शरण गेलेले आहेत; तेथे फौज अडकून पडली. पुढे बस, मागे बस, बाजूस टॅक्सी. एका रिक्षावाल्याने खिडकीपाशी येऊन वल्लरीस सांगितले, "स्वल्प हिंदे, मॅडम," म्हणजे थोडे मागे घ्या. मागे जागा मुळीच नव्हती, तरी तिने घेतली, आणि तो गेला. गाडीत मात्र कोणी मागे सरेना.

तों पुलाचे पलीकडे एक भव्य फलक दिसला. 'नभोदुर्ग: अंतिम पर्व, लवकरच.' त्यावर म्हातारे सरनौबत रणवीर उभे, पाठीशी शनी, चेहरा करारी. आणि दोन्ही हात पाटलोणीचे खिशात.

"हात खिशात!" दोघे एकाच श्वासात ओरडले.

क्षणभर दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग दामोदरपंत उजवीकडील इमारती आणि खंडोजीराव डावीकडील इमारती पाहू लागले. वल्लरीने आरशात पाहिले आणि ओठ दाबून धरिले.

देवनहळ्ळीस पोहोचता मेळा दृष्टीस पडला तो वर्णिता न ये. कोणी चंदेरी कपड्यांत, कोणी निळा रंग फासून मंगळाचा वकील झालेला, कोणी हातास पुठ्ठ्याचा लोखंडी हात बांधून आलेला. आणि त्यांतही काही डाव्या हाताचे, काही उजव्या, आणि एक महाभाग दोन्ही हातांचा, की त्यास वडा खाता येईना. लेखक बिंदुमाधव व्यासपीठी विराजमान झाले. पांढरी दाढी, सुती झब्बा, प्रवासाने थकलेले, परंतु बोलणे मोकळे. आरंभी तरुण मंडळींनी फोटो आणि सह्या यांचे प्रश्न पुसले. मग ध्वनिक्षेपकापुढील रांगेत दामोदरपंत उभे राहिले, आणि त्यांचे मागे, हातभर अंतर राखून, खंडोजीराव.

दामोदरपंतांनी आपला विवराचा सिद्धांत निवेदन केला. खंडोजीरावांनी बंधूचा केला, बोल्टाचे आट्यांसह. सभा कान देऊन ऐकू लागली. बिंदुमाधवांनी दोघांकडे कौतुकाने पाहिले आणि हसले.

"तुम्ही दोघेही फार खोल गेलात हो. खरं सांगू का? दुसऱ्या मालिकेच्या वेळी आमचा नट स्कूटरवरून पडला. उजवा हात मोडला. प्लास्टर झाकायचं कसं? म्हणून तो लोखंडी हात उजव्यावर चढवला. बास. एवढंच आहे ते."

सभागृही हशा पिकला. दामोदरपंत आणि खंडोजीराव मात्र हसले नाहीत. या हातापायी वर्षभराचे जितके आदितवार बुडाले ते सर्व एका प्लास्टरापायी बुडाले, ऐसे त्यांस वाटले, आणि दोघांचे चेहरे एकसारखे उतरले.

"आणि आता ती भानगड आम्ही मिटवतोच आहोत," बिंदुमाधव पुढे बोलिले. "आतली बातमी देतो. अंतिम पर्वात रणवीर जागा होतो आणि कळतं की हात कधी गेलाच नव्हता. वायुद्वार, भट्टी, लोखंडी हात, सगळं स्वप्न. दोन्ही हात शाबूत. म्हणजे प्रश्नच संपला, नाही का?"

टाळ्या पडू लागल्या. खंडोजीराव मागे वळले आणि रांगेतून बाहेर निघाले. त्यांचा डावा हात खिशात होता. तों दामोदरपंतांची नजर त्या खिशाकडे गेली, आणि तेथेच खिळली.

आता जी गोष्ट लिहितो ती आजवर लिहिली नाही, कारण खंडोजीराव ती कोणास सांगू देत नसत. दामोदरपंतांनी पुन्हा ध्वनिक्षेपक धरिला, आणि या खेपेस त्यांचे बोलण्यात सिद्धांत नव्हता.

"थांबा," ते म्हणाले. "खंडोजी, तुम्ही पण थांबा. बिंदुमाधवजी, हे माझे मित्र आहेत. त्यांचा पीण्यात कारखाना आहे. जवानीत एकदा प्रेसखाली त्यांचा डावा पंजा आला. दोन बोटं गेली. घरी आले तेव्हा म्हणाले, यंत्रापाशी पुन्हा उभा राहणार नाही, कारखाना विकतो. सोयराबाई रडून थकल्या, मी समजावून थकलो. मग आदितवार आला. आम्ही सवयीनं टीव्ही लावला. त्या दिवशी तुमच्या रणवीरनं भट्टीत हात घडवला आणि चढवला. आणि तो डावा होता. हे सोमवारी सकाळी कारखान्यात गेले. मी शेजारी बसलो होतो, मी पाहिलंय. आता हे स्वप्न होतं म्हणून तुम्ही सांगणार? मग सोमवारी गेलं ते कोण?"

मंगळाचा निळा वकील डोळे पुसू लागला, त्याने त्याचा रंग ओघळला.

मग दामोदरपंत वळले आणि खंडोजीरावांस थेट बोलिले, "वर्षभर भांडलो तुमच्याशी. पण डाव्याला तुम्ही का चिकटून बसलात, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. रडारवाला खरा. समोरचं दिसलं नाही. डावा हात खरा, खंडोजी. तो उजवा म्हणजे भाऊच. मी मान्य करतो."

खंडोजीरावांनी खिशातून हात काढिला आणि त्याच हाताने नाक पुसले. आणि मग जे झाले ते कोणाचे कल्पनेतही नव्हते.

"नाही की हो, अण्णा. भाऊ नाही. मी पण वर्षभर विचार करतोय, झोप नाही लागत. तुमचं विवरच बरोबर आहे."

"ते कसं? आट्यांचं काय मग?"

"उलट्या आट्यांचे बोल्ट असतात की! सायकलच्या एका पॅडलला असतात. रणवीरनं हात आधीच उलट्या आट्यांवर बसवला असेल, मग विवरातून गेल्यावर ते सुलटे झाले."

"काहीतरी बोलू नका. भाऊ आहे तो!"

"विवर आहे म्हणतोय ना मी!"

"खंडोजी, वर्षभर तुम्हीच भाऊ भाऊ करत होतात!"

"आणि तुम्ही विवर विवर! आता मला पटलं तर सोडताय होय?"

ऐसे दोघे परस्परांचे सिद्धांत घेऊन परस्परांवर तुटून पडले, आणि आवाज पूर्वीसारखे चढले, आणि सर्व सभा त्यात उतरली. डाव्या पुठ्ठ्याचे हात एकीकडे, उजव्या पुठ्ठ्याचे दुसरीकडे. दोन्ही हातांचा महाभाग मध्ये उभा राहून दोन्ही पक्षांस खुणावू लागला. स्वप्नाची बाजू घेणारा मात्र एकही मायेचा पूत निघाला नाही. कोणी ओरडले, "स्वप्न बेडा!", म्हणजे स्वप्न नको, आणि तीच आरोळी कन्नडात, मराठीत, हिंदीत सर्व सभागृही उठली.

बिंदुमाधव बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी हात वर करून सभा शांत केली आणि म्हणाले की, मी लिहिलं तेव्हा हे असं कुठं काही आहे हे मला माहीत नव्हतं. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळ त्या दुर्गात राहिलात. "स्वप्न रद्द. अजून चित्रण व्हायचंय, मी बदलतो ते. हात गेला तो गेलाच. पण मग एवढं तरी सांगा, शेवटी लिहू काय? डावा का उजवा?"

"डावा!" दामोदरपंत गर्जले.

"उजवा!" खंडोजीराव त्याहून मोठ्याने.

बिंदुमाधवांनी कपाळास हात लाविला. तो कोणता, हे गर्दीत दिसले नाही.

मेळा आटोपला तेव्हा ऊन कलले होते. सभागृहाबाहेर दोघे कॉफी पीत उभे राहिले. मग दामोदरपंत म्हणाले, "ते लेथवरचं बोललो, ते मनाला लावून घेऊ नका." खंडोजीराव म्हणाले, "सोडा की हो. खुर्चीचं मी पण बोललो." इतकाच तह, यापरते कलम नाही, साक्षीदार एकटी वल्लरी. परतीचे वाटेवर दामोदरपंत पुढची जागा सोडून मागे जाऊन बसले, आणि हेब्बाळपर्यंत आणि हेब्बाळात आणि हेब्बाळनंतर उभयतांचे आवाज ऐसे चालले की वल्लरीने गाणे लाविले ते बंद करावे लागले.

मल्लेश्वरमास पोहोचता दोन्ही बाईसाहेब फाटकाशी उभ्या होत्या. वल्लरीने काच खाली करून एवढेच सांगितले की, दोघे मागे बसलेत. नीलाबाई आपले घरी गेल्या आणि बांधलेले पहिले खोके उघडून त्यांनी भांडी मांडणीवर परत लाविली. सोयराबाई मदतीस गेल्या, आणि जाताना भात चौघांचा लावून गेल्या.

त्याच संध्याकाळी पुण्याहून अमितचा फोन आला की, ट्रक कधी निघतो, घराच्या किल्ल्या घेऊ का? दामोदरपंतांनी खंडोजीरावांचे दिवाणखान्यातला पडदा थांबविला. समोर रणवीर सज्ज्यावर उभे होते, आणि शेजारी खंडोजीराव चष्मा लावून बोल्ट मोजीत होते.

"ट्रक नको म्हणून सांग," दामोदरपंत बोलिले. "आत्ता काही येता यायचं नाही."

"का हो बाबा? काय झालं?"

"डावा का उजवा, ते अजून ठरायचंय."

अमितने आईस फोन देण्यास सांगितले. आई हसत होत्या, त्यांस बोलवेना.

येणेप्रमाणे देवनहळ्ळीचे रणी स्वप्नाचा समूळ पाडाव झाला, सरनौबत रणवीर यांचा हात गेला तो गेलेला राहिला, पुण्याची स्वारी मोडली, आणि उभय पक्ष फत्ते पावले. तो हात डावा की उजवा, याचा निकाल ही हकीकत लिहून पुरी होईतो लागला नाही. आणि तो आपल्या हयातीत लागू नये, ऐसी नीलाबाई व सोयराबाई यांची सक्त ताकीद आहे.